पटिसल्लान : गृहस्थाचा एकांत आणि विपस्सना

‘घरच्या घरी, एकट्याने, काही दिवस साधनेला बसावे आणि विपस्सना साधावी’ हा विचार आज अनेक उपासक-उपासिकांच्या मनात घोळत आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरांमुळे आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या परंपरेत रूढ झालेल्या एकांत शिबिरांमुळे ‘साधनेसाठी काही दिवस बाजूला काढणे’ ही कल्पना महाराष्ट्रातील बौद्ध समाजाला अपरिचित राहिलेली नाही. तथापि शिबिराला जाणे वेगळे आणि स्वतःच्या घराचेच शिबिर करणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला पालि वाङ्मयात कोणता आधार आहे, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या सामाजिक धम्मदृष्टीशी तिचा मेळ बसतो किंवा कसे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ही चिकित्सा अधांतरी होऊ नये म्हणून बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव आणि तेथील दोन खोल्यांचे घर आपण डोळ्यांपुढे ठेवू. पत्र्याचे छप्पर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, घरात म्हातारे आईवडील, शाळेत जाणारी मुले आणि रोजच्या मजुरीवर चालणारी चूल, असे ते घर आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. शिबिर या शब्दाने समूहाचा बोध होतो. एकट्याच्या साधनेसाठी पालित ‘पटिसल्लान’ असा शब्द आहे. ‘पटि’ आणि ‘सं’ या उपसर्गांसह ‘ली’ धातूपासून तो बनला आहे. बाहेर पसरलेले चित्त मागे वळवून लीन करणे, हा त्याचा भाव आहे. म्हणजे शब्दाचा रोख जागेवर नसून चित्ताच्या दिशेवर आहे. निद्देसाने विवेकाचे, म्हणजे विलगतेचे, कायविवेक, चित्तविवेक आणि उपधिविवेक असे तीन प्रकार सांगितले आहेत. दार लावून घेतले की पहिला विवेक साधतो. दुसरा आणि तिसरा मात्र दाराला कडी घातल्याने साधत नाही.

संयुत्तनिकायात थेर नावाच्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो एकटाच राहत असे, भिक्षेला एकटाच जाई, एकटाच परते आणि एकटाच चंकमण करी. इतर भिक्खूंनी ही गोष्ट तथागतांच्या कानी घातली. तथागतांनी त्याचे एकटेपण नाकारले नाही. पण याहून परिपूर्ण असा एकांत असतो, असे त्याला समजावले. भूतकाळ सोडून द्यावा, भविष्याची आस सोडावी आणि वर्तमानातील ‘मी’पणाची ओढ दूर सारावी, तो खरा एकविहार. त्याच निकायातील मिगजाल सुत्त याच दिशेने पुढे जाते. तृष्णा हीच माणसाची सोबतीण आहे. ती बरोबर असेल तर अरण्यात बसलेलाही दुकटाच होय, आणि ती सुटली असेल तर लोकांच्या गर्दीत राहणाराही एकटाच. ज्या उपासकाला वाटते की आपल्या घरात स्वतंत्र खोली नाही म्हणून आपल्याला साधना नाही, त्याने ही दोन सुत्ते अवश्य अभ्यासावीत.

याचा अर्थ जागेचा एकांत निरुपयोगी आहे असा मात्र नाही. तथागत स्वतः वेळोवेळी पटिसल्लानात राहत असत. इच्छानंगल येथे ते तीन महिने एकांतात राहिले. बाहेर आल्यावर, वर्षावासात तथागत कोणत्या साधनेत होते असे कोणी विचारल्यास आनापानसतिसमाधीत होते असे सांगा, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. या प्रसंगातील एका तपशिलाकडे मात्र आपले अभ्यासक सहसा लक्ष देत नाहीत. एकांतात जाताना तथागत सांगतात की भिक्षान्न आणून देणाऱ्या एका व्यक्तीखेरीज कोणी माझ्याकडे येऊ नये. म्हणजे सम्यक् सम्बुद्धाचा एकांतसुद्धा कोणाच्या तरी श्रमावर उभा होता, आणि सुत्त ती गोष्ट लपवीत नाही.

येथे कड्याच्या घरातील खरा प्रश्न उपस्थित होतो. घरातील पुरुष तीन दिवस खोलीचे दार लावून बसला, तर त्याचे ताट आणून देणारे कोण? बहुधा त्याची पत्नी, आई किंवा मुलगी. आणि ती स्वतः एकांताला बसू म्हणाली, तर तिचे ताट कोण आणून देणार? या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर तो एकांत म्हणजे धम्मसाधना नव्हे. घरातील जुन्याच विषमतेला चढविलेला साधनेचा मुलामा होय. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत तिचा मान राखणे आणि घराचा अधिकार तिच्या हाती सोपविणे यांचा समावेश आहे. म्हणून घरातील एकांताचे नियोजन वेळापत्रकापासून नव्हे, तर घरातील माणसांशी होणाऱ्या करारापासून सुरू झाले पाहिजे. एका पौर्णिमेला पती बसला, तर पुढच्या पौर्णिमेला पत्नी बसेल आणि चूल तो सांभाळील. हा करार झाला नाही तर सीलाच्या पायाशिवाय समाधीची इमारत उभी केल्यासारखे होईल.

दुसरा मुद्दा पूर्वतयारीचा. उदानातील मेघियाची कथा या बाबतीत आरशासारखी आहे. मेघिय हा त्या वेळी तथागतांचा सेवक होता. नदीकाठची रमणीय आमराई पाहून तेथे एकट्याने साधना करण्याची इच्छा त्याला झाली. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, असे तथागत म्हणाले. मेघियाने तीनदा आग्रह धरला आणि तो गेला. तेथे बसताच त्याच्या मनात कामवितर्क, व्यापादवितर्क आणि विहिंसावितर्क यांची गर्दी उसळली. तो आश्चर्यचकित होऊन परत आला. तेव्हा तथागतांनी, चित्ताची विमुक्ती परिपक्व नसताना तिला परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या : कल्याणमित्र, सील, धम्माला अनुकूल अशी चर्चा, वीर्य आणि उदय-व्यय जाणणारी प्रज्ञा. त्यांतही पहिले स्थान कल्याणमित्राला दिले. कारण तो असला की उर्वरित चार गोष्टी येण्याची अपेक्षा धरता येते.

या कथेतून ‘एकट्याने बसूच नये’ असा निष्कर्ष काढणारे काहीजण आहेत. तो निष्कर्ष बरोबर नाही, कारण त्याच सुत्तात पुढे आणखी चार भावना सांगितल्या आहेत : रागासाठी अशुभभावना, द्वेषासाठी मेत्ता, वितर्क तोडण्यासाठी आनापानसति आणि अहंभाव उपटून काढण्यासाठी अनिच्चसञ्ञा. सुत्ताचे म्हणणे इतकेच की एकांतात माणसाला शांती आयती मिळत नाही. एकांतात माणसाला प्रथम भेटते ते स्वतःचेच मन. ज्याची तयारी आहे त्याला ही भेट उपकारक ठरते आणि ज्याची नाही त्याला ती भांबावून टाकते.

भांबावून टाकणे हा शब्द सौम्य वाटावा, असा एक प्रसंग आनापानसंयुत्तातील वेसाली सुत्तात आहे. अशुभभावनेचा उपदेश करून तथागत अर्धा महिना पटिसल्लानात गेले. मागे राहिलेल्या काही भिक्खूंना शरीराविषयी इतकी घृणा उत्पन्न झाली की त्यांनी जीवनाचा अंत करून घेतला. एकांतातून परतल्यावर संघ विरळ झालेला पाहून तथागतांनी कारण विचारले आणि आनापानसतीचा उपदेश केला. अट्ठकथाकारांनी या घटनेचे कारण त्या भिक्खूंच्या पूर्वजन्मातील कर्मात शोधले आहे. बुद्धिवादी वाचकाला ते स्पष्टीकरण पटणार नाही, आणि सुत्तालाही त्याची गरज वाटलेली नाही. सुत्तात तथागत पूर्वजन्माची गोष्ट काढीत नाहीत. ते साधनेचा विषय बदलतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, साधनेच्या विषयाची निवड ही जीवनमरणाची बाब ठरू शकते. दोन, मार्गदर्शक दूर असताना उग्र विषय हाती घेऊ नये. घरी एकट्याने बसणाऱ्याने श्वासाची स्मृती आणि मेत्ता यांपलीकडे जाण्याची घाई करू नये, या मताला सुत्तपिटकातूनच असा आधार मिळतो.

आता गृहस्थाच्या अधिकाराचा प्रश्न. विपस्सना ही भिक्खूंची बाब, गृहस्थाने दान द्यावे आणि सील पाळावे, अशी समजूत आजही ऐकू येते. मज्झिमनिकायातील कन्दरक सुत्त तिचे खंडन करते. पेस्स हा हत्ती हाकणाऱ्याचा मुलगा, म्हणजे कष्टकरी वर्गातील माणूस. तो तथागतांना सांगतो की आम्ही शुभ्रवस्त्रधारी गृहस्थसुद्धा वेळोवेळी चार सतिपट्ठानांत चित्त सुप्रतिष्ठित करून राहतो. तथागत त्याला अडवीत नाहीत. उलट तो गेल्यावर त्याच्या प्रज्ञेची वाखाणणी करतात. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात अनाथपिण्डिकाला तथागत सांगतात की संघाला चीवर, अन्न, निवास आणि औषध दिले एवढ्यावर संतुष्ट राहू नका. वेळोवेळी विवेकातून उपजणाऱ्या प्रीतीचा अनुभव घेऊन राहण्याचा प्रयत्न करा. एक हत्तीवानाचा मुलगा आणि एक श्रेष्ठी, पण दोघांच्याही संदर्भात ‘कालेन कालं’ हाच शब्दप्रयोग आलेला आहे. गृहस्थाच्या एकांताचे प्रमाण या दोन शब्दांत सामावले आहे. सदासर्वकाळ नव्हे, कधीच नाही असेही नव्हे, वेळोवेळी.

येथे आपल्या वाचकांच्या मनातील सर्वांत गंभीर आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा मूलतः सामाजिक आहे असे प्रतिपादन केले. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे परस्परसंबंधात आली की धम्माला जागा द्यावीच लागते, हे त्यांचे म्हणणे सुप्रसिद्ध आहे. १९५० साली ‘महाबोधी’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी ध्यानात किंवा आळसात वेळ घालविणाऱ्या भिक्खूंवर कठोर टीका केली होती. मग एकांतसाधना ही बाबासाहेबांच्या धम्माशी प्रतारणा ठरत नाही काय?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक पक्ष ध्यानमात्र त्याज्य मानतो आणि दुसरा पक्ष ध्यान म्हणजेच धम्म असे समजतो. दोन्ही पक्षांनी मूळ ग्रंथ अर्धाच वाचला आहे, असे म्हणावे लागते. १९५० च्या लेखातील टीकेचा रोख विद्या आणि सेवा या दोहोंच्या अभावावर आहे. ज्या ध्यानातून ना ज्ञान निपजते ना सेवा, ते ध्यान त्यांना निरर्थक वाटले. उलट १९५७ च्या ग्रंथात अष्टांगिक मार्गाचे विवेचन करताना त्यांनी समाधी आणि सम्मासमाधी यांत भेद केला आहे. नुसती एकाग्रता तात्पुरती असते. सम्मासमाधी मनाला कुशल विचार करण्याचे कायमचे वळण लावते, असा त्याचा आशय आहे. तसेच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गातील सम्मासति आणि सम्मासमाधी ही दोन अंगे वगळून उरलेली सहाच आचरावीत, असे बाबासाहेबांनी कोठेही सांगितलेले नाही.

त्यामुळे कसोटी अशी ठरते : एकांतातून उठलेला माणूस परस्परसंबंधांत अधिक न्यायाने, अधिक करुणेने वागतो की नाही? दोन माणसांमध्ये धम्माला जागा द्यायची, तर त्या दोघांपैकी प्रत्येकाला आपल्या मनातील लोभ, राग आणि भय ओळखता आले पाहिजे. ती ओळख करून घेण्यासाठी घेतलेला एकांत सामाजिक धम्माच्या विरोधी नाही. तो त्याच्या पूर्वतयारीचा भाग आहे. जो एकांत अन्यायाकडे पाठ फिरवायला शिकवितो, तो मात्र पटिसल्लान नसून पलायन होय.

मराठीत या विषयाची शास्त्रीय मांडणी प्रथम धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी केली. त्यांचा ‘समाधिमार्ग’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोसंबींचे वेगळेपण असे की ते केवळ ग्रंथज्ञ नव्हते. ब्रह्मदेशात सगाईंगच्या डोंगरातील गुहेत जर्मन भिक्खू ञाणतिलोक यांच्यासह त्यांनी १९०४ च्या सुमारास प्रत्यक्ष साधना केली होती, आणि तीही एका अनुभवी भिक्खूच्या मार्गदर्शनाखाली. म्हणजे मराठीतील या विषयाच्या आद्य आचार्यालासुद्धा कल्याणमित्र लागला. त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय असलेला बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग एकांताच्या तयारीचे विवेचन फार बारकाईने करतो. मात्र तो भिक्खूसाठी रचलेला आहे, हे विसरून चालणार नाही. त्यातील दहा पलिबोध, म्हणजे अडथळे, पाहावेत : आवास, कुल, लाभ, गण, कर्म, प्रवास, ज्ञाती, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी. गृहस्थाच्या दृष्टीने यांतील ‘ज्ञाती’ हा तोडून टाकण्याचा अडथळा असू शकत नाही. म्हाताऱ्या आईचे औषधपाणी हे त्याचे कर्तव्य आहे. म्हणून गृहस्थाने पलिबोध ‘तोडू’ नये, तो ‘लावून द्यावा’. आईच्या औषधाची व्यवस्था, मुलांची शाळा, बुडणाऱ्या मजुरीची तरतूद या गोष्टी आधीच निकालात काढाव्यात. त्याच ग्रंथातील सात सप्पाय, म्हणजे अनुकूल गोष्टी, गृहस्थाला जशाच्या तशा उपयोगी पडतात : निवास, संचाराचा परिसर, बोलणे, सोबत, आहार, हवामान आणि शरीराची बैठक. आजच्या घरात ‘बोलणे’ या सदरात मोबाईल आणि टीव्ही यांचाही समावेश करावा लागेल, हे सांगायला नकोच.

आता काळाचा विचार. शिबिरातील दहा दिवसांचे वेळापत्रक उचलून घरात बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. पहाटे चार वाजता उठणे, दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बैठक, संपूर्ण मौन हे सर्व तेथे शक्य होते, कारण तेथे स्वयंपाक करणारे धम्मसेवक आणि शंका ऐकणारे आचार्य असतात. घरात यांतील काहीच नसते. शिवाय सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी सात वर्षांपासून सात दिवसांपर्यंतचा जो उल्लेख आहे, त्याला हमी समजण्याची चूक होते. ते वचन चार सतिपट्ठाने सांगितल्याप्रमाणे विकसित करण्याच्या अटीने बांधलेले आहे. केवळ सात दिवस बसून राहण्याला ते लागू नाही.

गृहस्थासाठी परंपरेने दिलेले मोजमाप उपोसथाचे आहे : एक अहोरात्र, आठ सीले, मध्याह्नानंतर भोजन नाही. कड्यासारख्या गावासाठी वर्षावासाइतका दुसरा योग्य काळ नाही. आष्टी तालुक्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि त्यांत बौद्ध कुटुंबेही आहेत. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे तीन महिने म्हणजे कोयता हाती घेण्यापूर्वीचे महिने. याच काळात विहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसा वाचन ऐकणारा उपासक पौर्णिमेला आणि अमावास्येला एक अहोरात्र एकांत साधू शकतो. फडावरच्या कोपीत, पहाटेच्या अंधारात उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या स्त्रीला मात्र एकांत मिळणार नाही. तिच्यासाठी महानाम शाक्याला दिलेला उपदेश आहे : चालताना, उभे असताना, कामाची देखरेख करताना, मुलाबाळांच्या गर्दीत निजतानासुद्धा अनुस्मृती विकसित करता येते. तिच्या साधनेला कनिष्ठ मानण्याचा अधिकार खोलीत बसलेल्या कोणालाही नाही.

या सर्व विवेचनावरून घरच्या एकांताचा एक साधा आराखडा हाती येतो. प्रथम काही उपोसथ एकेका दिवसाचे करावेत. ते सुखाने पार पडल्यावरच तीन दिवसांचा विचार करावा. अर्धा-पाऊण तास बैठक आणि तितकेच चंकमण असा क्रम ठेवावा. चंकमणाने आरोग्य राहते, अन्न पचते आणि त्यातून मिळालेली समाधी टिकाऊ असते, असे अंगुत्तरनिकाय सांगते. त्यासाठी अंगणातील दहा-पंधरा पावलांची जागा पुरते. सकाळी आनापानसति, चित्त स्थिरावल्यावर काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे अनुपश्यन, सायंकाळी मेत्ता. शेजारच्या लग्नाचा लाऊडस्पीकर वाजू लागला तर तो ‘शब्द’ आणि त्यावर उठणारी चीड ही ‘चित्ताची अवस्था’ म्हणून जाणावी. सतिपट्ठानात या दोहोंना स्थान आहे. बसण्यापूर्वी आणि उठल्यानंतर एखाद्या जाणत्या भिक्खूला किंवा अनुभवी उपासक-उपासिकेला भेटून सर्व हकीकत सांगावी. झोप उडाली, भीती दाटून आली, नैराश्य हटेना, तर एकांत तेथेच थांबवून घरच्या माणसांत यावे. यात पराभव नाही. तथागतांनीच साधनेचा विषय बदलून दाखविला आहे. मनोविकारावर उपचार घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बसू नये आणि औषध तर मुळीच थांबवू नये.

शेवटी, विपस्सना साधली हे कशावरून ओळखायचे? विसुद्धिमग्गाने विपस्सनेचे दहा उपक्लेश सांगितले आहेत. त्यांत प्रकाशाचा भास, प्रीती, प्रश्रब्धी, सुख, अगदी ज्ञान आणि उपेक्षासुद्धा येतात. एकट्याने बसणाऱ्याला हेच अनुभव मार्गफल वाटण्याचा धोका अधिक, कारण त्याला तपासणारे जवळ कोणी नसते. विपस्सनेचा विषय अनित्यता, दुःख आणि अनात्मता हा आहे. दिसलेला प्रकाश नव्हे. मज्झिमनिकायात राहुलाला केलेल्या उपदेशात कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते आपल्याला किंवा इतरांना पीडा देणारे आहे काय, हे पाहण्यास सांगितले आहे. तीच कसोटी येथे लावावी. एकांतानंतरच्या पंधरवड्यात घरात आवाज किती वेळा चढला, मजुरीचा हिशेब किती सरळ झाला, वस्तीतील अन्यायाच्या प्रसंगी पाऊल पुढे पडले की मागे, याची नोंद ठेवणाऱ्याला आपल्या विपस्सनेचे माप कळेल. आणि ही नोंद तपासण्याचा पहिला अधिकार त्या दिवसांत ज्याने किंवा जिने दाराशी ताट आणून ठेवले, त्या व्यक्तीचा आहे.